भाजी बघून स्वयंपाक ठरवा

प्रश्न : अनगोळच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. लग्नानंतर त्या नाशिकहून बेळगावला आल्या, नोकरी करतात. घरात नवरा-बायको, शाळेत जाणारा मुलगा आणि सासरे. घरचा बाजार वर्षानुवर्षं सासऱ्यांनी केला, पण गुडघ्यांनी साथ सोडली तशा पिशव्या या सुनेच्या हातात आल्या. त्या लिहितात : ‘रविवारी सकाळी सासऱ्यांनी सांगितलेली यादी घेऊन जाते. पाच पेंड्या मेथी, पाच किलो बटाटे, तीन किलो वाटाणा. बुधवारपर्यंत निम्मं फेकावं लागतं. गणपतीनंतर आणलेले बटाटे आठवड्यात पाणी सोडून कुजले. रताळी फ्रीजमध्ये ठेवली, ती मधे कडकच राहिली. गेल्या वर्षी जास्त पैसे मोजून नवी बासमती घेतली, तिचा गोळा झाला. मे महिन्यात आंब्याची अख्खी पेटी काळी पडली. सासरे म्हणतात, तुला बाजार जमत नाही. नवरा म्हणतो, सगळं मोबाईलवरून मागव. कन्नड येत नाही म्हणून भाव विचारायलाही बिचकते. हंगामाचं खाणं ज्यांच्याकडे वेळ आणि माहिती आहे त्यांनीच करावं, असं वाटायला लागलं आहे. सोडून देऊ का बाजार? ता. क. वर्षाची मिरची आत्ताच घेऊन ठेवू का?’

उत्तर :

ताई, पत्रात तुम्ही स्वतःच्या पाच चुका मोजल्या आहेत, पण त्यातली एकही बाजारात झालेली दिसत नाही. माल बहुतेक चांगलाच होता. मेथी चौघांना जास्त झाली. बटाटे ठेवणीचे नव्हते. रताळ्याला गारठा सोसत नाही. नव्या तांदळाला पाणी जास्त पडलं. आणि आंबा पिकायच्या आत फ्रीजमध्ये गेला असावा. गडबड झाली ती प्रमाणात आणि घरी आल्यावरच्या ठेवणीत. ती चार-सहा आठवड्यांत सुधारते, त्यासाठी कुणाचं आयुष्य बाजारात जावं लागत नाही.

आधी त्या यादीकडे बघू. पाच पेंड्या मेथी ही चार माणसांच्या घरातली यादी नाही. ती बहुधा घरात आठ-दहा माणसं जेवत होती, दुपारी बसून भाजी निवडायला दोघी-तिघी होत्या, तेव्हाची आहे. सासऱ्यांच्या डोक्यात तेच माप बसलंय, त्यात त्यांचा दोष नाही. तुम्ही मात्र ते माप तसंच उचललंत आणि वर आठवड्याचा एकच बाजार ठेवलात. पूर्वी ते दिवसाआड जात असतील, हेही विचारून बघा. चौघांच्या एका वेळच्या भाजीला निवडून-चिरून अर्धा किलो ते सहाशे ग्रॅम पुरतं. मेथी शिजून चौथाई होते हे धरलं तरी मध्यम दोन पेंड्यांत एका वेळचं भागतं. मेथी आठवड्याला एकदाच होत असेल तर पाचातल्या तीन पेंड्या कुणासाठी आणायच्या?

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. तुम्ही यादी घरी करता आणि ती घेऊन बाजारात जाता. हंगामाच्या बाजाराला ही रीत उलटी पडते. यादीत दोडका असतो, त्या दिवशी दोडका जून निघालेला असतो, पण शेजारच्या बुट्टीत कोवळी गवार असते. तुम्ही यादीला धरून जून दोडका घेता. त्याऐवजी घरून फक्त जागा ठरवून निघा : एक पालेभाजी, दोन फळभाज्या, एक कंद आणि एक फळ. प्रत्येक जागेवर काय बसवायचं ते तिथे बघून ठरवा. उरलेल्या दिवसांसाठी मटकी, हुलगे, मसूर घरात असतातच. आठवड्याचा स्वयंपाक बाजारातून आल्यावर कागदावर लिहा आणि त्यात नाशवंत आधी, टिकाऊ नंतर असा क्रम लावा. पालेभाजी पहिल्या दोन दिवसांत, भेंडी-गवार तिसऱ्या-चौथ्या दिवशी, कोबी, दुधी, गाजर त्यानंतर.

आता आपल्या भागाची थोडी ओळख, कारण नाशिकचा हंगाम आणि बेळगावचा हंगाम एक नाही. शहराच्या उत्तर-पश्चिमेला, कडोली, उचगाव, बेकिनकेरे आणि पुढे चंदगडकडे तांबडी माती आणि भरपूर पाऊस. तिथून बटाटा आणि रताळी येतात. शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात काळी जमीन, तिथे भात आणि भात निघाल्यावर त्याच ओलीवर मसूर, हरभरा, वाटाणा. खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या रानातून पावसाळ्यात रानभाज्या आणि उन्हाळ्यात करवंदं, फणस, काजू. घाटाखालून कोकणचा हापूस. आणि एक गोष्ट नवख्याच्या लक्षात येत नाही : इथली भाजी रोज चोर्ला घाटाने गोव्याला जाते. चतुर्थीच्या आठवड्यात तिकडची मागणी वाढते आणि इथला भाव चढतो. तेव्हा भाव ऐकून तुम्हाला फसवल्यासारखं वाटलं असेल, पण विकणारी बाई काही तुम्हाला नवखी बघून जास्त सांगत नव्हती. त्या आठवड्यात कडधान्यांवर भर द्या, चतुर्थी झाली की भाव खाली येतात.

बटाट्यांचं काय झालं ते सांगते. आपल्याकडचा पावसाळी बटाटा जूनच्या आसपास लावतात आणि ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरमध्ये काढतात. तांबड्या मातीतला हा बटाटा चवीला उत्तम, पण ओल्या जमिनीतून निघतो आणि त्याची साल पातळ असते. अंगठ्याने चोळल्यावर साल सुटली तर तो कोवळा आहे, आठवड्याच्या आत संपवायचा. दोन किलोच्या वर घेऊ नका. घरी आणल्यावर धुवायचा नाही. माती वाळू द्या, टोपलीत एका थरात पसरा, उजेड लागू देऊ नका आणि कांद्याच्या शेजारी ठेवू नका, दोन्ही लवकर खराब होतात. दोन दिवसांनी एकदा हात फिरवा. एखादा मऊ लागला तर तो लगेच काढा, कारण त्याचं पाणी शेजारच्यांना लागलं की चार दिवसांत टोपली संपली. हिरवट डाग असेल तर तेवढा भाग खोलवर कापून टाका, बटाटाच हिरवा किंवा चवीला कडू असेल तर सगळा टाका. ठेवणीला बटाटा हवाच असेल तर बाजारात इंदूर-आग्र्याकडचा जाड सालीचा येतो, तो घ्या. चवीत आपल्या जवारी, म्हणजे गावरान, बटाट्याची सर नाही, पण महिनाभर राहतो.

रताळी मात्र या दिवसांत मनापासून घ्या, आपल्या भागाचं ते पीक आहे आणि दिल्लीपर्यंत जातं. नवरात्र ते कार्तिकी एकादशी हा त्याचा भर. मध्यम जाडीची, टणक, दोन्ही टोकं न वाळलेली निवडा. सालीवर टाचणीएवढी भोकं दिसली तर समजा आत भुंग्याची अळी आहे. अशा रताळ्याचा कडूपणा किडक्या भागापुरता राहत नाही, म्हणून कापून वाचवायच्या भानगडीत पडू नका. फ्रीजमध्ये ठेवलं की आतला गाभा बिघडतो आणि कितीही शिजवलं तरी मधे गाठ राहते, तुमचं हेच झालं. न धुता, हवेशीर टोपलीत, कोपऱ्यात. काढणीनंतर आठ-दहा दिवस तशीच राहिलेली रताळी गोड होत जातात. शिजवण्यातही एक खुबी आहे. रताळ्यातल्या पिठाची साखर होते ती हळूहळू तापताना, साधारण 60 ते 75 अंशांच्या मधे. कुकरच्या शिट्टीत हा टप्पा पटकन निघून जातो आणि रताळं पिठूळ, कमी गोड लागतं. जाड बुडाच्या पातेल्यात तळाला थोडं पाणी, वर झाकण, मंद आच, 40 मिनिटं. मुलाला तसं एकदा देऊन बघा.

तांदूळ. इथली बासमती म्हणून जो वासाचा तांदूळ मिळतो, त्याचा दाणा उत्तरेच्या बासमतीएवढा लांब नसतो आणि शिजून सुटा-मोकळा होणं हा त्याचा गुणही नाही. त्याचा गुण वास. भात नोव्हेंबर-डिसेंबरात निघतो. नवा असतो तेव्हा वास सर्वांत जास्त आणि चिकटपणाही सर्वांत जास्त, जुना होत जाईल तसा दोन्ही उतरतात. म्हणजे तुम्ही घेतलेला तांदूळ बहुधा अस्सल नवाच होता, दुकानदाराला शिव्या देऊ नका. नव्याला एका वाटीला दीड वाटी पाणी पुरतं, भिजत घालायचा नाही, धुवून लगेच लावायचा आणि शिजल्यावर दहा मिनिटं झाकून ठेवायचा. सहा महिन्यांनी त्याच तांदळाला दोन वाट्यांच्या जवळपास पाणी लागतं. पुलाव-बिर्याणीसाठी हा तांदूळ नाहीच. वरणभात, दहीभात, खीर यासाठी घ्या.

या बासमतीचं पीक आता घटलंय, त्यामुळे तिच्या नावावर दुसरा तांदूळ बराच खपतो. पोतं घेण्याआधी एक किलो आणा. मूठभर दाणे तळहातात चोळा, तोंडाच्या वाफेने थोडे गरम करून वास घ्या. वास दाण्याचा असला तर भात शिजतानाही दरवळतो. वरून लावलेला असला तर पहिल्या धुण्यात जातो. पटला तर चार महिन्यांचा घ्या, वर्षाचा नको. साठवायच्या आधी सावलीत दोन दिवस पसरा. दाताखाली कटकन तुटला म्हणजे कोरडा. मऊ दबला तर डब्यात भरू नका, जाळी आणि किडे धरतील.

आंब्याबद्दल थोडक्यात, कारण अजून सहा महिने आहेत. पेटी हा चौघांचा माल नाही. डझन घ्या आणि त्यातही चार तयार, चार दोन-तीन दिवसांत होणारे, चार हिरवे, असे मागून घ्या. कुणीही नाही म्हणत नाही. हिरवा आंबा 12-13 अंशांखाली गेला की त्याचं पिकणं थांबतं आणि साल काळवंडते. घरचा फ्रीज त्याहून बराच गार असतो. पेंढ्यात किंवा जुन्या सुती कपड्यावर, देठ खाली करून, एकमेकांना न चिकटता ठेवा. पिकल्यावर दोन दिवस फ्रीजमध्ये चालतो. साल एकसारखी पिवळीधमक, पण देठापाशी वास नाही आणि आत कोयीजवळ आंबट-पांढरं असेल तर तो बळजबरीने पिकवलेला. कार्बाइडवर आंबा पिकवायला देशात कायद्याने बंदी आहे. एथिलीन वायू ठरावीक प्रमाणात चालतो, त्याने पिकवलेल्या आंब्याला घाबरायचं कारण नाही. मेच्या उत्तरार्धात भाव उतरतो, पण वळवाच्या सरी पडून गेल्या की डागही वाढतात. स्वस्त म्हणून ढीग उचलू नका.

वाटाण्याचे तीन किलोही सोलून दीड किलोच्या आतच भरतात, तेव्हा संक्रांतीच्या सुमारास भाव पडल्यावर ते आणायला हरकत नाही, फक्त त्याच दिवशी सोलायचे. वाटाणा तोडल्यापासून त्याची साखर पिठात बदलत जाते, रविवारचा गोड वाटाणा गुरुवारी चवीला सपक लागतो. ताजी शेंग दोन शेंगा एकमेकींवर घासल्या की करकरते, देठाची टोपी हिरवी असते. जास्तीचा वाटाणा उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग कपड्यावर पूर्ण कोरडा, ताटात पसरून डीप फ्रीझरला. कडक झाल्यावर पाव-पाव किलोच्या पिशव्या करा. न उकळता भरला तर दोन महिन्यांत रंग आणि चव दोन्ही जातात. ओला भरला तर एकच ढेकूळ होतं.

मेथी-कोथमीर आणल्यावर धुवायची घाई करू नका. मुळं छाटा, पिवळी पानं काढा, कोरड्या सुती कपड्यात सैल गुंडाळून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. बाजारातली पेंडी बऱ्याचदा पाणी मारलेली असते, म्हणून आधी अर्धा तास पंख्याखाली पसरा. ओल्या पेंड्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवल्या तर दुसऱ्याच दिवशी आतून काळ्या पडतात. तुमच्या बुधवारच्या कचऱ्याचं मोठं कारण मला हेच वाटतं.

कुठे जायचं? रोजच्यासाठी गणपत गल्लीची गर्दी अंगावर घ्यायची गरज नाही. अनगोळहून शहापूरचा खडे बाजार जवळ, टिळकवाडीत रस्त्याकडेला बसणाऱ्या बायका त्याहून जवळ. सणासुदीला, किंवा करवंदं-जांभळं-रानभाजी असं काही खास बघायचं असेल तेव्हा नरगुंदकर भावे चौक, गणपत गल्ली करा. किराणा, डाळी, मिरची, गूळ यांसाठी रविवार पेठ. कांद्याला कांदा मार्केट. होलसेल भाजी मार्केट मात्र तुमच्यासाठी नाही. तिथे माल पोत्याने आणि क्रेटने सुटतो, निवडू देत नाहीत, आणि किलोमागे वाचलेले पैसे कुजलेल्या मालात जातात. चार शेजारणी मिळून बटाट्याचं किंवा कोबीचं पोतं वाटून घेणार असाल तरच परवडतं. जागेबद्दलही आधी विचारून निघा, हे मार्केट गेल्या काही वर्षांत किल्ल्याजवळून हललं आणि त्यानंतरही त्यावरून ओढाताण चालू राहिली.

रविवारची एक मोठी फेरी मोडा. ऑफिसातून येताना बुधवारी वीस मिनिटं आणि रविवारी अर्धा तास, बस्स. सकाळी माल ताजा आणि निवडीला वाव, संध्याकाळी भाव उतरलेला पण पालेभाजी मान टाकलेली. म्हणून पालेभाजी रविवारी सकाळी घ्या, आणि बुधवारी संध्याकाळी दुधी, भोपळा, कोबी, गाजर असं न कोमेजणारं. दोनच विक्रेत्या धरा, एक पालेभाजीची, एक बाकीची. सलग सहा-सात वेळा तुम्ही त्याच बुट्टीसमोर उभ्या राहिलात की ‘आज ही नको, उद्या या’ असं ती स्वतःच सांगते. पाच रुपयांसाठी रोज घासाघीस करणाऱ्याला ती हे सांगत नाही. वजन करण्याआधी काट्यावर शून्य आहे का आणि टोपलीचं वजन धरलंय का एवढं बघा, ते बघितल्याचा कुणाला राग येत नाही.

कन्नडची भीती निम्मी तरी अनाठायी आहे. पश्चिमेकडच्या गावांतून येणाऱ्या बायका मराठीच बोलतात, आणि बैलहोंगल, गोकाककडून आलेल्यांना बाजारापुरतं मराठी येतंच. तरी आकडे शिकून घ्या : हत्तु दहा, इप्पत्तु वीस, मूवत्तु तीस, नाल्वत्तु चाळीस, ऐवत्तु पन्नास, अरवत्तु साठ, नूरु शंभर. ‘एष्टु?’ म्हणजे केवढ्याला. ‘कडिमी माडरी’ म्हणजे कमी करा. किलो, अर्धा किलो दोन्हीकडे समजतं. मुलगा शाळेत कन्नड शिकत असेल तर त्यालाच भाव विचारायला पुढे करा. एक फळ किंवा भाजी त्याने निवडायची, आणि निवडली की खायची.

पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडून टाकळा, कुरडू, भारंगी, अळू, करटुली येतात. ज्येष्ठ-आषाढातला टाकळा कोवळा, फुलं आली की सोडून द्या. अळू चिंच किंवा आमसूल घालून पूर्ण शिजवा, कच्चटपणा राहिला की घसा खाजतो. बांबूचे कोंब पातळ चिरून रात्रभर पाण्यात, पाणी दोनदा बदलून, मग उघड्या भांड्यात 20-25 मिनिटं उकळून तेही पाणी ओतून द्यायचं. कच्च्या कोंबात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं, म्हणून यात आळस करू नका. आळंबी मात्र ओळखीच्या विक्रेतीकडून आणि तिने ‘आम्ही हीच खातो’ असं सांगितलेलीच. चांदीचं नाणं, लसूण काळी पडते का बघणं, या परीक्षांचा काही उपयोग नाही, विषारी आळंबीही त्यात पास होते. शंका आली की घेऊ नका. कोणतीही रानभाजी पहिल्यांदा खाताना थोडीच करा.

नवऱ्याचं मोबाईलचं म्हणणं सगळंच मोडीत काढू नका. कांदे, लसूण, आलं, लिंबं, ज्या भाजीत हंगामाने फार फरक पडत नाही ती घरपोच आली तर बिघडत नाही. पाठीवरचं ओझं तेवढं कमी होतं आणि बाजारात तुम्ही हाताने बघून घ्यायच्या वस्तूंपुरत्या मोकळ्या राहता. हंगामाचं खाणं म्हणजे सगळं बाजारातूनच आणणं, हा आग्रह कुणी धरला आहे का घरात? पत्रात तरी दिसला नाही, तुम्हीच तो धरून बसला आहात.

सासऱ्यांच्या वाक्याबद्दल मला थोडी शंका आहे. ‘तुला बाजार जमत नाही’ म्हणणाऱ्या माणसाचा रोजचा फेरफटका, ओळखीचे चेहरे, दोन शब्द बोलणं हे सगळं गुडघ्यांबरोबर बंद पडलंय. टोमणा तुम्हाला लागतो हे खरं, आणि तो सहन करा असं मी म्हणत नाही. पण त्यांना ‘कसं निवडायचं?’ असं मोघम विचारलं की ते यादीच देणार. नेमकं विचारा. रताळी कोणत्या गावची बरी? तुमच्याकडे तांदूळ कुणाकडून यायचा? वांगं उचलल्यावर काय बघायचं? महिन्यातून एकदा रिक्षाने शहापूरला न्या, एखाद्या ओळखीच्या दुकानाच्या पायरीवर त्यांना बसवा आणि तुम्ही आणलेलं त्यांना दाखवा. वाटाणा सोलणं, मेथी निवडणं, बटाट्यांच्या टोपलीवर हात फिरवणं ही बसून होणारी कामं त्यांच्याकडे द्या. हे काम उपकार म्हणून सोपवू नका, त्यांची नजर खरंच तुमच्याहून तयार आहे. यादीचं माप मात्र तुमचं. पाच पेंड्या म्हणाले तर दोन आणा आणि पुरल्या का, ते जेवणानंतर बघू म्हणा. एक-दोन महिन्यांत आकडा आपोआप खाली येईल. तरीही टोमणे चालूच राहिले तर ती भाजीची गोष्ट नव्हतीच, आणि ती नवऱ्याने वडिलांशी बोलायची गोष्ट आहे.

आता ता. क. मिरची आत्ता घेऊ नका. कार्तिकात बाजारात असते ती बहुतेक गेल्या हंगामाची, कोल्ड स्टोरेजमधून काढलेली. नवी मिरची डिसेंबर-जानेवारीपासून यायला लागते, पण सुरुवातीच्या मालात ओल असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्या. चौघांना वर्षाला दोन-अडीच किलो पुरेल. हुक्केरी तालुक्यातल्या संकेश्वरची जवारी मिरची लांब, सडपातळ आणि तिखट. हावेरी जिल्ह्यातली ब्याडगी सुरकुतलेली, गडद, रंगाला चांगली, तिखटाला सौम्य, आणि तिला 2011 पासून भौगोलिक मानांकन आहे. मुलगा लहान आहे म्हणून किलोला 700 ग्रॅम ब्याडगी आणि 300 ग्रॅम संकेश्वरी असं प्रमाण धरा. खरी संकेश्वरी आता कमी पिकते, तिच्या नावाने संकरित मिरची भरपूर विकली जाते, म्हणून पाव किलो आणून आधी चव बघा. मिरची वाकवल्यावर कड्कन मोडायला हवी आणि हलवल्यावर आत बी वाजायला हवं. कुबट वास किंवा आत पांढरी-काळी बुरशी दिसली तर उन्हात घालून वाचवू नका, टाकून द्या. चांगली निघाली की दोन दिवस कडक ऊन द्या, देठं काढा आणि गिरणीत दळून आणलेलं तिखट पूर्ण गार झाल्यावरच बरणीत भरा.